मुका मार

आईला भेटायला येणारा प्रत्येक जण आधी तिच्या हातापायांकडे बघायचा. प्लास्टर दिसलं नाही की चेहऱ्यावर सुटका आणि थोडी निराशा असं दोन्ही एकदम उमटायचं. इतक्या लांबून पुण्याला यायचं, वाटेत शहाळी घ्यायची, आणि पेशंटच्या अंगावर साधी पट्टीही दिसू नये!

"मग मोडलंय काय नक्की?"

"बरगड्या."

"हां, बरगड्या होय! त्याला काय करायचं नसतं. जुळतात आपोआप."

आणि मग प्रत्येकाकडे आपापला एक बरगडीवाला असायचा. कुणाच्या मेहुण्याला बैलाने ढुशी दिली होती आणि तो चार दिवसांत उसाला पाणी पाजायला उभा होता. कुणाची चुलती न्हाणीघरात घसरली आणि विटेने शेकून बरी झाली. त्यात कुणी खोटं सांगत नव्हतं. एखाददुसरी बरगडी तडकली तर ती खरोखरच आपोआप जुळते, डॉक्टरही वेदनाशामक गोळ्या देऊन घरी पाठवतात. प्लास्टर घालत नाहीत, कारण घालून उपयोग नाही. हात गळ्यात अडकवता येतो, पाय खिळवून ठेवता येतो. छाती थांबवायची कशी? माणूस निवांत पडून असला तरी मिनिटाला बारा-पंधरा वेळा बरगड्या वर उचलल्या जातात, खाली येतात. दिवसाला वीस हजारांच्या आसपास. झोपेतही सुट्टी नाही. पूर्वी छातीला चिकटपट्ट्या करकचून बांधायचे, पट्टा घालायचे. त्याने दुखणं कमी व्हायचं, पण फुप्फुसंही फुलायची नाहीत, म्हणून ते आता मागे पडलंय. आमच्याकडे मात्र पट्टा आणून देणारे दोन नातेवाईक निघालेच.

अपघाताबद्दल सांगण्यासारखं फार नाही. आई धाकट्या मामाच्या स्कूटरवर मागे, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर आहेराची पिशवी घेऊन साखरपुड्याला निघाली होती. वाईच्या अलीकडे रस्त्यावर एक गतिरोधक होता, त्याला ना पांढरे पट्टे, ना आधी पाटी. मामाने ऐन वेळी ब्रेक दाबला, स्कूटर उडाली आणि आई डाव्या कुशीवर रस्त्याकडेच्या सिमेंटच्या कठड्यावर आदळली. मामाचं कोपर सोलवटलं, तेवढंच. आई उठून बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "मला काय नाही झालं, मुका मार लागलाय जरा. आधी आहेर उचल."

मामा तर तिला त्याच स्कूटरवर बसवून पुढे न्यायला निघाला होता. शेजारच्या रसवंतीवाल्याला आईचं बोलणं काही बरं वाटेना. ती दोन शब्द बोलायची आणि थांबायची, पुन्हा दोन शब्द. त्याने कुणाला न विचारता १०८ ला फोन लावला. त्याचं नाव आम्हाला आजही माहीत नाही. मामा नंतर दोनदा त्या वाटेने गेला, पण उसाचा हंगाम संपल्यावर रसवंतीही उठली होती.

मी साताऱ्याला पोचले तेव्हा आई तपासणीच्या खाटेवर होती, तोंडाला ऑक्सिजन. तिथल्या तरुण डॉक्टरांनी चादर बाजूला केली आणि काही न बोलता मला बघू दिलं. श्वास आत घेतला की छाती फुगते, हे आपण इतकं गृहीत धरलेलं असतं की त्याकडे कधी लक्ष जात नाही. आईची छाती फुगत होती, पण डाव्या काखेखाली तळहाताएवढा एक तुकडा त्याच वेळी आत जात होता. श्वास सोडला की सगळी छाती खाली आणि तेवढा तुकडा वर. उरलेलं अंग एकीकडे आणि तो तुकडा दुसरीकडे. मी बघत राहिले. असलं काही आपल्या आईच्या अंगावर बघायचं नसतं.

सलग तीन किंवा त्याहून जास्त बरगड्या प्रत्येकी दोन-दोन ठिकाणी मोडल्या की मधला भाग दोन्ही टोकांनी सुटा होतो. डॉक्टर त्याला फ्लेल चेस्ट म्हणतात. श्वास घेताना छातीच्या आत जी ओढ तयार होते, तिने हवा नाकातून आत यायची असते. इथे त्या ओढीने तो सुटा तुकडाच आत खेचला जातो. लोहाराच्या भात्याचं कातडं एका जागी सुटलं तर दांडा कितीही दाबा, वारा विस्तवापर्यंत पोचत नाही, तसं. आईच्या डाव्या बाजूच्या तिसरीपासून आठवीपर्यंत सहा बरगड्या मोडल्या होत्या, त्यांतल्या चार दोन-दोन ठिकाणी. एका टोकाने फुप्फुसाला भोक पाडलं होतं. फुप्फुसाच्या बाहेर, छातीच्या पोकळीत हवाही साठत होती आणि रक्तही.

तिथल्या तिथे नळी टाकली. काखेखाली, बरगडीच्या वरच्या कडेला घासून. वरच्याच कडेला का, तर प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला एक पन्हळ असते आणि तिच्यातून शीर, धमनी आणि मज्जातंतू असे तिघं एकत्र जातात, त्यांना धक्का लागू द्यायचा नसतो. नळीचं दुसरं टोक पाणी भरलेल्या बाटलीत बुडवलेलं. हवा बुडबुडे होऊन बाहेर पडते, पाण्यामुळे परत आत जाऊ शकत नाही. ही बाटली पुढे आमच्या घरातलं एक माणूसच झाली. ती कधी छातीच्या वर उचलायची नाही, आडवी होऊ द्यायची नाही, खाटेखाली सांडली तर पळत सिस्टरला सांगायचं. आईने श्वास घेतला की नळीतलं पाणी वर चढायचं, सोडला की उतरायचं. वॉर्डातल्या रात्री मी तिच्या चेहऱ्याकडे कमी आणि त्या पाण्याकडे जास्त बघितलं.

"आज बऱ्या दिसतात त्यावर जाऊ नका," डॉक्टर म्हणाले. "फुप्फुसालाही मार बसलाय. तो आज दिसत नाही, उद्या-परवा दिसेल. पुण्याला हलवा."

पुण्यात आयसीयूच्या पहिल्याच रात्री तो प्रसंग घडला, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

रात्रपाळीच्या सिस्टर केरळच्या होत्या, मराठी मोडकं पण मुद्द्याचं बोलायच्या. त्यांनी आईला विचारलं, "आजी, दुखतंय किती? शून्य ते दहा. शून्य म्हणजे नाही, दहा म्हणजे सहन नाही होत."

"असू दे, ठीक आहे."

"ठीक नको. आकडा सांगा."

आईने माझ्याकडे बघितलं. एवढ्या रात्री पोरीला उगाच ताप, असं ते बघणं होतं. मग भिडेखातर म्हणाली, "दोन."

सिस्टरनी मॉनिटरकडे बघितलं. श्वास मिनिटाला बत्तीस. ऑक्सिजन चालू असून सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, नव्वद टक्क्यांच्या आसपास रेंगाळत होतं. "बरं. आता खोका बघू जोरात."

आईने घसा खाकरल्यासारखा एक बारीक आवाज काढला आणि डोळे मिटले. कपाळावर घाम आला.

"आजी," सिस्टर म्हणाल्या, "दोन असतं तर खोकला आला असता."

आमच्या घरात आईच्या सोशिकपणाच्या गोष्टी कौतुकाने सांगितल्या जातात. माझ्या वेळी कळा सुरू असताना तिने भाकऱ्या थापल्या, शेवटची भाकरी उतरवली आणि मग दवाखान्यात गेली. दाढ काढताना भूल घेतली नाही. हात भाजला तर हळद लावून पंगत वाढली. या गोष्टी आजीने सांगितल्या, आत्याने सांगितल्या, आता माझी मुलगी तिच्या मैत्रिणींना सांगते. बाईने दुखणं बोलून दाखवलं नाही की तिची किंमत वाढते, हे आम्ही सगळ्यांनी न शिकवता शिकलेलं. पुरुषांचं वेगळं नाही म्हणा, त्यांचे मोडलेले खुबेही "जरा लचकलंय"मध्ये मोडतात.

बरगड्यांच्या बाबतीत हे सोसणं नेमकं कसं होतं, ते मला त्या रात्री कळलं. आई दुखणं सोसत होती म्हणजे श्वास चोरत होती. खोल श्वास घेतला की कळ येते, मग शरीर आपोआप वरवरचे, लहान, भराभर श्वास घेतं. फुप्फुसाच्या तळाकडच्या हवेच्या पिशव्या त्यामुळे उघडतच नाहीत, एकमेकींना चिकटून मिटतात. खोकायचं नाही म्हणून कफ तिथेच बसतो. मिटलेल्या जागेत कफ आणि कफात जंतू, की न्यूमोनिया झालाच. बरगड्या मोडलेली म्हातारी माणसं बहुतेक वेळा हाडाने जात नाहीत, या न्यूमोनियाने जातात. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या ट्रॉमा सेंटरमधला २००० सालचा एक अभ्यास डॉक्टर मंडळी अजून सांगतात. पासष्टीच्या पुढच्या पेशंटमध्ये मोडलेली प्रत्येक जादा बरगडी मृत्यूचा धोका १९ टक्क्यांनी आणि न्यूमोनियाचा २७ टक्क्यांनी वाढवत होती. आई सत्तरीला टेकलेली, आणि सहा बरगड्या. गणित करत बसायचं नाही, असं मी ठरवलं आणि रात्रभर तेच करत बसले.

म्हणजे तिचा 'दोन' हा आकडा नम्रपणाचा होता आणि तो तिच्या जिवावर उठला होता. एरवी तिचं कौतुक करताना आपण नक्की कशाचं कौतुक करतो, हे तेव्हापासून मला नीट सांगता येत नाही.

सिस्टरनी भूलतज्ज्ञांना बोलावलं. नुसत्या गोळ्या-सलाइनवर भागणारं नव्हतं आणि अफूच्या जातीची औषधं जास्त दिली तर झोप येऊन श्वास आणखी मंदावणार, अशी ती कोंडी. त्यांनी सोनोग्राफीत बघत पाठीच्या कण्याशेजारच्या लांब स्नायूखाली बारीक नळी बसवली आणि तिच्यातून बधिर करणारं औषध थेंब-थेंब सोडलं. ही रीत तशी अगदी नवी, तिचं पहिलं वर्णन २०१६ सालचं. अर्ध्या तासाने सिस्टर परत आल्या. "आजी, आता?"

आईने थोडा विचार केला. "मघाशी आठ होतं," ती म्हणाली. "आता चार."

मग खोकली. खरंखुरं खोकली. बाटलीत भसाभसा बुडबुडे आले.

पण तुकडा हलायचा तो हलतच होता. शिवाय तिला एक आवाज त्रास देत होता. कूस बदलली किंवा खोल श्वास घेतला की आत करकर वाजायचं, हाडावर हाड. बाहेरून हात ठेवला की आम्हालाही हाताला लागायचं. दुखणं बधिर करता येत होतं, ते वाजणं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑक्सिजनची गरज वाढली आणि ऑपरेशनचा विषय निघाला.

बरगड्यांचं ऑपरेशन! मी तोवर ऐकलंही नव्हतं. सर्जननी सीटी स्कॅनमधलं छातीच्या पिंजऱ्याचं चित्र पडद्यावर फिरवून दाखवलं. बरगड्यांच्या बारा जोड्या. वरच्या सात थेट छातीच्या मधल्या हाडाला जुळतात, पुढच्या तीन वरच्या कूर्चेचा आधार घेतात, शेवटच्या दोन पुढून मोकळ्याच. आईच्या डाव्या बाजूच्या मधल्या चार बरगड्यांची टोकं एकमेकांवर चढली होती. टेबलावर त्यांनी एक पट्टी ठेवली, टायटॅनियमची, बोटापेक्षा अरुंद, भोकाभोकांची. हातात घेतली तर वजनच लागेना. "ही बरगडीच्या बाकानुसार वाकवायची, वरून बसवायची आणि स्क्रू मारायचे. बरगडी पातळ असते, म्हणून स्क्रू पट्टीतच घट्ट अडकतील असे असतात, म्हणजे ते ढिले पडत नाहीत."

"पण डॉक्टर, हाडं तर आपोआप जुळतात ना?" मी पाहुण्यांचंच वाक्य त्यांच्यापुढे टाकलं.

"जुळतील की. हाड जुळवायला मी जातच नाहीये. पुढचे दोन आठवडे त्यांना खोकता यावं, म्हणून जातोय."

मग त्यांनी जे सांगितलं त्यामुळे माझा त्यांच्यावर विश्वास बसला: या ऑपरेशनबद्दल डॉक्टरांमध्येही एकमत नाही. मी नंतर थोडं वाचलं, तेव्हा त्यामागचा इतिहास कळला. या सुट्या तुकड्याचं काय करायचं, यावर शंभर वर्षं नुसते हेलकावे चाललेत. एके काळी बरगड्यांना चिमटे लावून दोरी-वजनाने तो तुकडा बाहेर ओढून धरायचे. १९५६ साली अमेरिकेत काही डॉक्टरांनी मांडलं की छातीला बाहेरून कशाला धरता, नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवा, आतल्या हवेच्या दाबानेच ती स्थिर राहील. मग जो येईल तो व्हेंटिलेटरवर, आठवडेच्या आठवडे, आणि त्याचे स्वतःचे न्यूमोनिया. १९७५ साली टेक्सासमधल्या ट्रिंकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की नीट वेदनाशमन आणि फुप्फुसाची काळजी घेतली तर पुष्कळ पेशंटना व्हेंटिलेटर लागतच नाही. बरगड्या जोडण्याचा विचार त्यातून पुन्हा वर आला तो चांगल्या पट्ट्या मिळायला लागल्यावर. जपानमध्ये २००२ साली ३७ पेशंटवर झालेल्या चाचणीत ऑपरेशन केलेल्यांचे व्हेंटिलेटरवरचे दिवस सरासरी ११ च्या आसपास आले, न केलेल्यांचे १८. एवढं वाचून वाटतं, झालं, प्रश्न सुटला. पण २०२२ साली कॅनडा-अमेरिकेतली २०७ पेशंटची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, तिच्यात व्हेंटिलेटरविना दिवसांचा फरक एकूण पेशंटमध्ये ठामपणे दिसला नाही. आधीच व्हेंटिलेटरवर असलेल्यांना फायदा जास्त वाटला. आणि तरीही त्याच चाचणीत ऑपरेशन न केलेल्या ९९ जणांपैकी सहा दगावले, केलेल्या १०८ पैकी एकही नाही.

आता यातून एका मुलीने आपल्या आईबद्दल काय ठरवायचं? सर्जनचं म्हणणं साधं होतं. सरसकट प्रत्येक मोडलेली बरगडी जोडायची नाही. पण छातीचा तुकडा सुटा आहे, वेदनाशमन करूनही श्वासाची गाडी घसरतेय, वय आहे, अशा पेशंटमध्ये करायचं तर पहिल्या तीन दिवसांत करावं. उशीर झाला की आत रक्त गोठतं, सूज येते, सगळंच चिकट होऊन बसतं. हाडं ठिसूळ असण्याचा धोका त्यांनी लपवला नाही, स्क्रू धरतील न धरतील म्हणाले. आईला विचारलं. ती म्हणाली, "ते वाजणं थांबेल का?" थांबेल, म्हणाले. "मग करा."

विमा कंपनीच्या माणसाला मात्र हे पटेना. बरगड्यांचं फ्रॅक्चर म्हणजे 'औषधोपचार', ऑपरेशन कशाला, असा मेल आला. पट्ट्यांचं बिल वेगळं, त्याची मंजुरी वेगळी. सर्जननी सीटीची चित्रं आणि दोन परिच्छेदांचं पत्र पाठवलं तेव्हा अर्धी रक्कम मंजूर झाली. उरलेल्या अर्ध्याबद्दल लिहीत बसले तर माझाच श्वास वाढेल.

ऑपरेशनला आईला उजव्या कुशीवर निजवलं. श्वासनळीत दोन पोकळ्यांची नळी, म्हणजे उजवं फुप्फुस चालू ठेवून डावं शांत ठेवता येतं. स्नायू आडवे कापण्याऐवजी त्यांचे धागे विलग करून आत शिरायचं, कारण हेच स्नायू नंतर श्वासाला आणि खांद्याला लागणार. छातीत गोठलेलं रक्त धुऊन काढलं. मग टोकं समोरासमोर आणून एकेक पट्टी. सहांपैकी चारच बरगड्यांना पट्ट्या लागल्या. तिसरी खांद्याच्या फऱ्याखाली फार वर, तिच्यापर्यंत पोचायला जितकं फाडावं लागेल तितका फायदा नाही. आठवी जागच्या जागी होती. सगळं जोडायचं नसतं, चौकट उभी राहील एवढं जोडलं की पुरे, हे सर्जनचं वाक्य मामाला फार आवडलं. तो गवंडीकामाची कंत्राटं घेतो.

दुसऱ्या दिवशी आईला खुर्चीत बसवलं होतं. तिने मला खुणेने जवळ बोलावलं. "वाजत नाही," ती म्हणाली. त्या एका गोष्टीचा तिला जेवढा आनंद झाला तेवढा मला सॅच्युरेशन पंचाण्णव बघूनही झाला नसेल. दुखत होतंच, पण दुखण्याची जात बदलली होती. आधी कुठून कळ येईल याचा नेम नव्हता, आता दुखणं टाक्यांच्या जागी बसून होतं. आणि आकडा विचारला की ती आता गंभीरपणे विचार करून सांगायची. एकदा "साडेपाच" म्हणाली.

तिथून पुढे ऑपरेशनपेक्षा कठीण असं काम सुरू झालं, आणि ते सगळं आईचंच होतं.

फिजिओथेरपिस्ट मुलगी सकाळ-संध्याकाळ यायची. तिने प्लास्टिकचं ते तीन गोळ्यांचं यंत्र दिलं, जे आता घरोघरी कुणाच्या ना कुणाच्या ऑपरेशननंतर कपाटावर पडलेलं असतं. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, पहिली गोळी सेकंदाला ६०० मिलिलिटर हवेने उचलते, दुसरी ९०० ने, तिसरी १२०० ने. आई सुरुवातीला फुंकायची. "आजी, फुंकायचं नाही, ओढायचं!" पहिली गोळी थरथरून वर गेली आणि खाली पडली. दुसरी कितीतरी दिवस हललीच नाही. तिसरी वर गेली नाही तरी चालेल, पण वर गेलेली पहिली तिथे रोखून धरायची, यात खरी मेहनत.

खोकण्यासाठी उशी. छोटी घट्ट उशी मोडलेल्या बाजूला दोन्ही हातांनी दाबून धरायची, एक खोल श्वास, आणि खोकायचं. उशीमुळे छाती कमी हादरते. पट्टा आणि उशी यांत फरक एवढाच, की उशी खोकण्यापुरती असते, पट्टा दिवसभर श्वास आवळतो. ती उशी घरी आली तेव्हा तिला वेगळी खोळ शिवली गेली. शिंक यायला लागली की घरातलं जे कुणी जवळ असेल ते "उशी, उशी!" करत धावायचं. हसण्याचंही तेच. मामाला चार आठवडे विनोद करायला बंदी होती, म्हणजे त्याला जवळजवळ गप्पच बसावं लागलं.

नळी काढल्यावर घरी आलो. आडवं झोपणं जमेना, म्हणून आरामखुर्ची. उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग उजव्या कोपरावर भार देऊन बसायचं, हे ती रोज विसरायची आणि रोज किंचाळायची. किंचाळायची हेसुद्धा नवीनच, आजवर तिचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता. वेदनाशामकांनी पोट साफ होईना, मग इसबगोल. हाडांसाठी पायाचा रस्सा पाजा, असं निम्म्या गावाने सांगितलं. आई माळकरी, तिने नुसतं गळ्यातल्या माळेला हात लावला. मग नाचणी, डिंकाचे लाडू, खारकेची पूड. एका चुलतकाकांनी हाडवैद्याचा लेपही पाठवला. तो जखमेवर न लावता कुंडीत टाकला, असं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

बरं होण्याची मोजमापं डॉक्टरांकडे वेगळी होती, आईकडे वेगळी. डॉक्टर एक्स-रे बघायचे. सहा आठवड्यांच्या आसपास हाडाभोवती नवं हाड बऱ्यापैकी धरतं, बारा आठवड्यांपर्यंत जड उचलायचं नाही. आईची मापं दोन. पहिलं म्हणजे अंबाडा. डावा हात मानेच्या मागे नेता येईना, त्यामुळे आयुष्यात प्रथमच तिचे केस दुसऱ्या कुणी तरी विंचरत होतं. माझी मुलगी रोज सकाळी आजीची वेणी घालायची, आणि आजी आरशात बघून म्हणायची, "चालेल." तिला ती वेणी मुळीच आवडायची नाही. हात भिंतीवर बोटांनी वर-वर चढवायचा व्यायाम तिने केला तो निव्वळ त्या वेणीच्या रागाने.

दुसरं माप म्हणजे अभंग. एकादशीच्या भजनात आईचा आवाज पुढे असतो. आल्यावर ती अभंगाची अर्धी ओळ म्हणून थांबायची, श्वास घ्यायची, उरलेली अर्धी. फिजिओच्या मुलीने फोनवर हे ऐकलं आणि म्हणाली, यंत्रातल्या त्या गोळ्यांपेक्षा हेच करा. मग रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की एका श्वासात ओळ संपवायचा प्रयत्न चालायचा. शेवटचा शब्द कधी निसटायचा, कधी नुसता ओठांवर यायचा. ज्या दिवशी पूर्ण ओळ आली त्या दिवशी तिने ती मुद्दाम परत म्हटली, शेवटचं अक्षर लांबवून, शेजारच्यांना ऐकू जाईल इतकं.

सगळं काही परत आलेलं नाही. डाव्या छातीखाली हातभर जागा अजून बधिर आहे, मधूनच तिथे मुंग्या येतात. बरगडीखालचा तो मज्जातंतू मार आणि ऑपरेशन दोन्हींत दुखावला, तो हळूहळूच सावरेल, न सावरला तरी काही बिघडत नाही, असं डॉक्टर म्हणाले. हाडांच्या घनतेची तपासणी केली तेव्हा हाडं विरळ झालेली निघाली. ती किती वर्षं तशी असतील कोण जाणे, तपासायला कधी कुणी पाठवलंच नव्हतं. आता त्याचं औषध, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व सुरू आहे. गाडीत बसली की गतिरोधक दिसायच्या आधी ती माझा दंड धरते. ते जाईल असं मला वाटत नाही.

पट्ट्या काढायच्या नसतात, त्रास झाला नाही तर जन्मभर तशाच राहतात. हे कळल्यावर मामाने विचारलं, "आक्का, विमानतळावर वाजशील की काय तू?" टायटॅनियम बहुधा वाजत नाही, असं मी सांगितलं. आईचा प्रश्न वेगळा होता. तिने तपासणीला गेल्यावर थेट सर्जननाच विचारला: "डॉक्टरसाहेब, हे सरणावर जळतं का?"

सर्जन क्षणभर थांबले. म्हणाले, "नाही आजी. टायटॅनियम वितळायला सोळाशे अंशांच्या वर लागतं."

"मग सावडायला येतील त्यांना सांगून ठेवायला पाहिजे," ती मला म्हणाली. "नाहीतर बसतील विचार करत, हे काय निघालं म्हणून."

परवा पुन्हा एक साखरपुडा होता, मामाकडचाच. मी गाडी काढते म्हटलं, तर नको म्हणाली, स्कूटरवरच जायचं. पण सहावारी नेसून एका बाजूला पाय सोडून बसणार नाही, हे तिने आधीच जाहीर केलं. ट्रंकेतून आजीचं नऊवारी काढलं, काष्टा घातला आणि मामाच्या मागे दोन्हीकडे पाय टाकून बसली. भावकीतल्या दोघी-तिघींनी तोंडाला पदर लावला. तिने त्यांच्याकडे बघितलंही नाही. वाटेत वाईला तिने मामाला एका दुकानापुढे स्कूटर थांबवायला लावली आणि मागे बसणाऱ्यासाठी हेल्मेट मागितलं. चार-पाच घालून बघितली, एकही अंबाड्यावर बसेना. अंबाड्यासकट बसेल असं दाखवा, असा तिचा आग्रह. दुकानदार म्हणाला, तसं येत नाही मावशी, केस खाली बांधायला लागतील. "केस कुठं बांधायचे ते मला नका सांगू," आई म्हणाली, "तुम्ही मोठं हेल्मेट मागवा." मामा म्हणतो, त्याने मागवलंय.